गोळीचा खाडा : मेडिकल दुकानदारांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातले सर्व औषध दुकानदार, फार्मासिस्ट आणि काउंटरवर उभी राहणारी मुलं-मुली
(एक प्रत अन्न व औषध प्रशासनाला, माहितीसाठी)

स. न. वि. वि.

मी तुमची जुनी गिऱ्हाईक. नाव तुम्ही कधी विचारलं नाहीत, पण चेहऱ्यानं ओळखता. मी पायरी चढले की माझं तोंड उघडायच्या आत तुमचा हात मागच्या फळीकडे जायचा. ‘काकू, एक स्ट्रिप की दोन?’ एवढंच विचारणं व्हायचं. ही आपुलकी आहे असं मला वर्षानुवर्षं वाटत आलं, आणि तशी ती होतीही. या पत्रात तक्रार कमी आहे आणि मागणी जास्त. तक्रार आहे तीही पहिली माझ्यावरच.

सातारा जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत मी तीस वर्षं हिशेबनीस होते. एक रुपया जुळला नाही तर रात्री आठपर्यंत खतावण्या उपसत बसायची सवय. त्या मीच माझ्या पर्सच्या चोरकप्प्यातल्या डोकेदुखीच्या गोळ्या कधी मोजल्या नाहीत.

अर्धशिशी मला नववीपासून. आमच्या घरात तिला अर्धशिशी कोणी म्हणत नव्हतं, ‘पित्त’ म्हणायचे. उलटी झाली की डोकं हलकं व्हायचं, आणि ते पित्त असल्याचा आईच्या लेखी तोच पुरावा. सुंठ उगाळून कपाळाला लेप, डोक्याला घट्ट फडकं, खिडक्या बंद. महिन्यातून एकदा-दोनदा यायची, दिवसभर छळायची आणि जायची. येणारी जाते, हे तेव्हा ठाऊक होतं.

चाळिशीच्या आसपास ते बिघडलं. मार्चअखेर, घरात सासूबाईंचं आजारपण, संकष्टीचे आणि एकादशीचे उपास, अपुरी झोप. दिवसभर अंधाऱ्या खोलीत पडून राहण्याची चैन परवडेना. म्हणून गोळी. आधी साधी पॅरासिटामॉल. अर्ध्या तासात डोकं मोकळं व्हायचं, आणि इतकी वर्षं आपण उगाच सोसलं असं वाटायचं. पुढे ती पुरेना, मग डायक्लोफेनॅक असलेली जोडगोळी. तीही पुरेना, तेव्हा एका ओळखीच्या बाईंनी त्यांची ‘खास मायग्रेनची’ गोळी दिली. तिच्यात अर्गोटामिन, कॅफीन, पॅरासिटामॉल आणि उलटीवरचं औषध असं सगळं एकत्र. ती मला जवळजवळ सहा वर्षं चिठ्ठीशिवाय मिळत राहिली. डॉक्टरांनीही एकदा लिहून दिली होती, ‘लागेल तशी घ्या’ म्हणून. तो कागद मी जपून ठेवला होता, पण तुमच्यापैकी कोणी तो पाहायला मागितला नाही.

लागेल तशी. मला ती रोज लागायला लागली.

गोळी घेण्याची कारणंही बदलत गेली. आधी दुखलं की घ्यायची. मग दुखेलसं वाटलं की. मग लग्नाला जायचंय, ऑडिटर येणार आहेत, एसटीचा प्रवास आहे, असं काहीही असलं की दुखायच्या आधीच एक. शेवटी शेवटी पहाटे चारला डोकं ठणकून जाग यायची. रात्रीच्या गोळीचा अंमल उतरायची ती वेळ, हे मला कुठं ठाऊक! मी चहाआधी गोळी घ्यायची.

याच काळात तुमच्यातल्या एकीनं मला एक प्रश्न विचारला. डिप्लोमा करून नुकतीच लागलेली मुलगी, पांढरा कोट, छातीवर नावाची पट्टी. स्ट्रिप हातात धरून ती म्हणाली, ‘काकू, गेल्या सोमवारीच नेली होती ना? महिन्यातून किती दिवस लागते तुम्हाला?’

मी चिडले. दुकानात चार माणसं उभी होती, त्यांच्यासमोर मला व्यसनी ठरवल्यासारखं झालं. ‘तुला काय करायचंय? पैसे देतेय ना?’ असं म्हणाले आणि स्ट्रिप तिथंच ठेवून चाळीस पावलांवरच्या दुसऱ्या मेडिकलमधून घेतली. तिथं कोणी काही विचारलं नाही. पुढची दीड वर्षं मी त्याच दुकानाची गिऱ्हाईक होते.

त्या मुलीनं विचारलेला प्रश्नच पुढे मेंदूच्या डॉक्टरांनी विचारला. हजार रुपये फी घेऊन, आणि जरा फिरवून.

‘महिन्यातले किती दिवस डोकं दुखतं?’
‘दहा-बारा.’
‘बरं. आणि किती दिवस अजिबात दुखत नाही?’

मला उत्तर देता आलं नाही. न दुखलेला शेवटचा दिवस आठवेना. त्यांनी तपासण्या पुढे ढकलल्या आणि सांगितलं, महिनाभर नुसतं लिहून आणा.

आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर दिनदर्शिका असते. दूध घेतलं नाही त्या दिवशी चौकोनात ‘खाडा’ लिहायचा आणि महिनाअखेरीला गवळ्याच्या हिशेबातून तेवढे दिवस वजा करायचे. त्याच चौकोनात मी गोळीच्या दिवशी फुली मारायला लागले. महिना संपला, बेरीज केली : तेवीस फुल्या. दुधाचा जसा रतीब, तसा माझा गोळीचा रतीब लागलेला होता, आणि खाडे फक्त सात.

या आजाराला डॉक्टरांच्या भाषेत सरळ नाव आहे, औषधाच्या अतिवापरानं होणारी डोकेदुखी. आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संघटनेच्या वर्गीकरणात तिची व्याख्या आहे. आधीपासून डोकेदुखीचा आजार असलेल्या माणसाचं डोकं महिन्यातले पंधरा किंवा जास्त दिवस दुखतं आणि तीन महिन्यांहून अधिक काळ तो दुखणं थांबवणारं औषध नेमानं जास्त घेत असतो. ‘जास्त’ म्हणजे किती, तेही ठरलेलं आहे. साधी पॅरासिटामॉल, ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन यांच्यासाठी महिन्यातले पंधरा दिवस. अर्गोटामिन, सुमाट्रिप्टानसारखी ट्रिप्टान औषधं, अफूवर्गातली औषधं आणि दोन-तीन वेदनाशामकं एकत्र केलेल्या गोळ्या यांच्यासाठी दहाच दिवस. इथं गोळ्या मोजायच्या नाहीत, दिवस मोजायचे. एका दिवसात चार घेतल्या तरी दिवस एकच, आणि रोज अर्धी घेतली तरी दिवस तीस. आज ही, उद्या ती असं आलटून-पालटून घेतलं तरी सुटका नाही, सगळे दिवस एकाच खात्यात जमा होतात.

हे काही कालचं संशोधन नव्हे. १९५१ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये पीटर्स आणि हॉर्टन या डॉक्टरांनी अर्गोटामिन रोज घेणाऱ्या आणि त्यामुळेच डोकं धरून बसणाऱ्या रुग्णांबद्दल लिहून ठेवलं होतं. औषध बंद केल्यावर त्यांचं दुखणं आधी भडकलं आणि मग उतरलं. मी तेव्हा जन्मलेही नव्हते.

असं का होतं, ते मला कळलं ते माझ्या धंद्याच्या भाषेत. पतसंस्थेत थकलेलं कर्ज असलं की मार्चमध्ये ‘नवं-जुनं’ करतात. नवीन कर्ज मंजूर करायचं, त्यातून जुनं फेडून घ्यायचं. कागदावर खातं स्वच्छ, आणि कर्जदाराचा बोजा पहिल्यापेक्षा मोठा. गोळीचंही तसंच. वेदना जाणवणारी मेंदूतली यंत्रणा रोजच्या औषधामुळे हळवी होत जाते, तिची सहन करण्याची पातळी खाली येते. औषध उतरलं की दुखणं जोरात येतं, ते थांबवायला पुन्हा औषध. डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला फार चमत्कारिक वाटली. ज्याला मुळात डोकेदुखीचा आजार नाही, नुसत्या गुडघ्यासाठी किंवा कंबरेसाठी जो रोज वेदनाशामक घेतो, त्याला सहसा हे होत नाही. अर्धशिशीवाल्याला होतं. म्हणजे जिला गोळीची सर्वांत जास्त गरज, तिच्यावरच ती उलटते.

किती लोकांना होतं? बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू आणि मनाच्या आजारांच्या संस्थेतल्या संशोधकांनी त्या शहरात आणि आसपासच्या खेड्यांत घरोघर जाऊन २,३२९ प्रौढांची पाहणी केली होती. चौघांत एकाला वर्षभरात अर्धशिशी होऊन गेलेली आणि अतिवापराची डोकेदुखी असण्याची शक्यता १.२ टक्के लोकांना. टक्का लहान दिसतो. हेच प्रमाण महाराष्ट्रातल्या प्रौढांना लावून पाहा, आकडा नऊ-दहा लाखांच्या घरात जातो. त्यात बायका जास्त, हे जगभर दिसतं. यातले किती जण मेंदूच्या डॉक्टरापर्यंत पोचत असतील? तालुक्याच्या गावात असा डॉक्टर नसतोच. तुमच्या पायरीपर्यंत मात्र झाडून सगळे येतात.

म्हणून हे पत्र तुम्हाला. डॉक्टर मला वर्षातून दोनदा पाहायचे, तुम्ही आठवड्यातून एकदा. माझ्या गोळ्यांची मोजदाद होऊ शकेल अशी जागा जगात एकच होती, ती म्हणजे तुमचं काउंटर.

गोळी बंद करण्याबद्दल थोडं लिहिते, कारण उद्या तुमच्यापैकी कोणी एखाद्या बाईला ‘बंद करा’ म्हणेल तेव्हा आपण काय सांगतोय हे त्याला माहीत असावं. डॉक्टरांनी माझी अर्गोटामिनची गोळी एका दिवसात थांबवली. रात्री अमिट्रिप्टिलिन दहा मिलिग्रॅम सुरू केली, दुखणं येऊ नये म्हणून. उलटीवर वेगळं औषध दिलं. आणि सांगितलं, पहिला आठवडा वाईट जाईल, कामावर जाऊ नका.

वाईट म्हणजे किती! दुसऱ्या दिवशी कुकरच्या शिट्टीनं मी रडले. तिसऱ्या दिवशी फोडणीच्या वासानं उलटी झाली, मग दोन दिवस घरात फोडणी पडली नाही. सगळ्यांनी दहीभात खाल्ला. छातीत धडधड, हाताला कापरं, झोप नाही. जाऊबाई उशाशी बसून होत्या. चौथ्या रात्री मी त्यांच्याकडे एका गोळीसाठी हात जोडले, तेव्हा त्यांनी घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या स्ट्रिपा उचलून शेजारी नेऊन ठेवल्या. नवव्या दिवशी सकाळी जाग आली तर खिडकीतून ऊन आत आलेलं, आणि मी त्याकडे डोळे उघडे ठेवून पाहत होते. हे दिवस माणसागणिक आणि औषधागणिक कमी-जास्त असतात, ट्रिप्टानवाल्यांचे थोडक्यात सरतात. मात्र ट्रामाडॉलसारखी अफूवर्गातली गोळी किंवा झोपेची गोळी रोज चालू असेल तर ती अशी एकदम तोडायची नसते, डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवावी लागते. तेव्हा कृपा करून ‘बंद करा’ हा सल्ला काउंटरवरून देऊ नका. ‘मोजा, आणि मोजून डॉक्टरांना दाखवा’ एवढाच द्या.

माझं डोकं पूर्ण बरं झालं असं नाही. अर्धशिशी आहेच. महिन्यातून पाच-सहा दिवस येते, त्यातले चार दिवस गोळी घेते. पण येते आणि जाते. मुलाच्या लग्नाच्या महिन्यात फुल्या अकरावर गेल्या होत्या. अशी घसरण बऱ्याच जणांची पहिल्या वर्षात होते. चौकोन समोर दिसत होते, म्हणून मला वेळेवर कळलं.

आता मागणी.

मला बंदी नको आहे. सरकारनं २०१८ साली ३२८ मिश्र औषधांवर बंदी घातली, त्यातली काही कोर्टातून परत आली, आणि त्या सगळ्या गदारोळात काउंटरवर काय बदललं ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. अर्गोटामिन, सुमाट्रिप्टान, डायक्लोफेनॅक, नेप्रोक्सेन ही सगळी शेड्यूल एचमधली, चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत असं स्ट्रिपवर छापलेलंच आहे. अर्गोटामिनबद्दल मात्र मी हट्ट धरीन. रक्तवाहिन्या आवळणारं औषध आहे ते, हृदयविकाराच्या माणसाला धोक्याचं, आणि क्लॅरिथ्रोमायसिनसारख्या अँटिबायोटिकबरोबर घेतलं तर हातापायांचा रक्तपुरवठा बंद पडू शकतो. ते चिठ्ठीशिवाय देऊच नका. मी मागितलं तरी देऊ नका. बाकीच्या गोळ्यांचं मात्र मला समजतं. भांगलणीला निघालेली बाई सकाळी सातला दोन गोळ्या मागते. तिला चिठ्ठी आणा म्हणालात तर तिचा रोज बुडेल. तिला गोळी द्या, पण विचारा.

‘ताई, महिन्यातून किती दिवस लागते?’

एवढंच. दहाच्या आत असेल तर पुढे काही बोलू नका. दहाच्या वर म्हणाली तर सांगा, गोळीनंच डोकं दुखत असेल, एकदा डॉक्टरांना दाखवा. याला अर्धं मिनिटही लागत नाही. नुसतं सांगून काय होतं, असं तुम्ही म्हणाल. नॉर्वेत याचाच प्रयोग झाला. तिथल्या साध्या फॅमिली डॉक्टरांना एवढंच शिकवलं की, महिन्यातले निम्मे दिवस किंवा जास्त डोकं दुखणाऱ्या आणि गोळी जास्त घेणाऱ्या रुग्णाला गोळीबद्दल पाच प्रश्न विचारायचे, त्याच्या उत्तरांचा अर्थ त्याला समजावायचा आणि गोळी कमी करायला सांगायचं. रुग्ण साठच होते, पण तीन महिन्यांनी असा सल्ला मिळालेल्यांपैकी सुमारे निम्म्यांची जुनाट डोकेदुखी सुटली होती. नेहमीचे उपचार मिळालेल्यांत ती अगदी थोड्यांची सुटली. डेन्मार्कमध्ये २०१६ साली लोकांना आणि औषध दुकानांना हाताशी धरून देशभर मोहीम काढली. वेदनाशामकांनी डोकेदुखी वाढते हे माहीत असलेल्यांचं प्रमाण ३१ टक्क्यांवरून ३८ वर गेलं. फार मोठी उडी नाही. पण आपल्याकडे तो पहिला आकडाच कुणी काढलेला माझ्या ऐकण्यात नाही.

आणि हे काम तुमचं नाही, असं म्हणू नका. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत रुग्णाला औषधाची माहिती समजावून देणं हे फार्मासिस्टचं काम म्हणून लिहिलेलं आहे. त्या मुलीला ते ठाऊक होतं. अडचण दुसरीच आहे, आणि ती मीच तुम्हाला दाखवून दिली. जो विचारतो, त्याचं गिऱ्हाईक तुटतं. म्हणून ही विनंती एकेका दुकानाला नाही, तुमच्या तालुका आणि जिल्हा संघटनांना आहे. सगळ्यांनी मिळून ठरवा. चाळीस पावलांवरच्या दुकानातही तोच प्रश्न आला असता तर मी कुठं गेले असते?

काउंटरवर मराठीत एक पाटी लावा, बाकी काही नको : ‘डोकेदुखीची गोळी महिन्यातून दहा दिवसांपेक्षा जास्त लागते का? आम्हाला सांगा.’ पाटी असली की प्रश्न माणसाला लागत नाही, तो सगळ्यांसाठी होतो. मी चिडले ती चार लोकांत एकटीलाच विचारलं म्हणून. आणि स्ट्रिप कापून चार गोळ्या देता तेव्हा औषधाचं नाव असलेला तुकडा गिऱ्हाइकाकडे जाईल असं कापा. सहा वर्षांतली पहिली दोन वर्षं मी काय खात होते हेच मला माहीत नव्हतं, मी रंगानं मागायची.

प्रशासनाकडे एकच मागणी. अँटिबायोटिकच्या स्ट्रिपवर लाल रेघ आली, ‘चिठ्ठीशिवाय घेऊ नका’ असं सांगणारी, आणि ती काय सांगते ते लोकांपर्यंत नेलं गेलं. डोकेदुखीवर खपणाऱ्या मिश्र गोळ्यांच्या पाठीमागे, वाचता येईल एवढ्या अक्षरांत आणि आमच्या भाषेत, ‘महिन्यातून दहा दिवसांपेक्षा जास्त घेऊ नये’ एवढं छापायला लावण्यासाठी दिल्लीकडे लिहा. स्ट्रिपवर दिनदर्शिकेतल्या मुहूर्तांएवढ्या बारीक अक्षरात बरंच काही असतं. हे मात्र मला कधी सापडलं नाही.

अचानक वीज पडावी तसं दुखणं, डोकेदुखीबरोबर ताप, बोलताना जीभ अडखळणं, एक हात लुळा पडणं, किंवा पन्नाशीनंतर आयुष्यात पहिल्यांदाच आलेली डोकेदुखी, असं कोणी सांगितलं तर मात्र प्रश्न-बिश्न काही नको, त्यांना सरळ दवाखान्यात पिटाळा.

त्या मुलीची माफी मागायला मी गेले होते. ती नोकरी सोडून गेली होती, लग्न होऊन पुण्याकडे, असं मालक म्हणाले. त्यांना तो प्रसंग आठवत नव्हता. मी त्यांच्याकडून अमिट्रिप्टिलिनची स्ट्रिप घेतली, चिठ्ठी दाखवून, आणि पुन्हा त्यांची गिऱ्हाईक झाले.

या महिन्यात आजपर्यंत तीन फुल्या आहेत. शनिवारी स्ट्रिप संपते, संध्याकाळी सहाच्या सुमारास येईन. तेव्हा दुकानात गर्दी असते. असू दे. मला विचारा.

आपली,
एक जुनी गिऱ्हाईक